माकडाचा पाऊस

मार्चमधल्या एका लख्ख दुपारी आमच्या गच्चीवर 3.4 मिलिमीटर पाऊस पडला. निदान गच्चीवरच्या हवामान मोजणाऱ्या यंत्राचं तसं म्हणणं होतं. मंडईतून आले, पिशवी ओट्यावर ठेवली, सवयीने फ्रिजशेजारच्या पडद्याकडे पाहिलं तर पावसाच्या रकान्यात हा आकडा. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. वर जाऊन पाहिलं. कोबा कोरडा ठणठणीत. पलीकडच्या गच्चीवर काकूंच्या कुरडया निवांत वाळत पडलेल्या. एक थेंब जरी पडला असता तरी काकूंनी सगळी आळी डोक्यावर घेतली असती, तेव्हा ती शक्यता बाद.

उलगडा दोन दिवसांनी झाला. वाईत माकडांची नवलाई नाही. त्यातलंच एक दांडगं माकड टाकीवरून थेट यंत्राच्या खांबावर आलं, दोन्ही हातांनी खांब गदागदा हलवला आणि वर खायला काही नाही हे कळल्यावर तोंड वाकडं करून निघून गेलं. पावसाच्या त्या डब्यात, नरसाळ्याखाली, लहान मुलांच्या सी-सॉसारखी दोन कप्प्यांची पट्टी असते. एका कप्प्यात 0.2 मिलिमीटर पावसाइतकं पाणी साठलं की ती कलते, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. यंत्र पाणी मोजतच नाही, कलणं मोजतं. माकडाने ती पट्टी सतरा वेळा कलवली. सतरा गुणिले 0.2, बरोबर 3.4. हिशेबात काडीची चूक नाही.

माझ्या वहीत त्या तारखेपुढे 'माकडाचा पाऊस' अशी नोंद आहे. महिन्याच्या बेरजेतून तो वजा केलाय.

हे हवामान केंद्र भाच्याने पन्नाशीला भेट म्हणून पाठवलं. मुंबईची नोकरी सोडून मी वाईच्या घरी कायमची राहायला आले तेव्हा त्याला वाटलं असावं की मावशीला काहीतरी विरंगुळा हवा. खोक्यात तापमान-आर्द्रतेची एक डबी, पावसाचा डबा, वाऱ्याच्या वाट्या, दिशा दाखवणारं शेपूट आणि घरात ठेवायचा पडदा. वाऱ्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा त्यावर यायला नको. वारा मोजायचा तो मोकळ्या जागेत, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर. माझ्या वाट्या एका बाजूला शेजारच्यांचं आंब्याचं झाड आणि दुसऱ्या बाजूला टाकी यांच्यामध्ये अडकल्यात. त्या दाखवतात तो आंबा आणि टाकी यांच्यामधल्या बोळातला वारा. त्यांना फिरताना बघायला छान वाटतं, एवढंच.

तापमानाची गोष्ट मात्र जरा लाजिरवाणी आहे. पहिल्या एप्रिलमध्ये पडद्यावर 46.2 उमटलं. वाईत! मी लगेच फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. हळहळ झाली, कलिंगडांचे सल्ले आले, कुणी पर्यावरणावर दोन परिच्छेद लिहिले. भाच्याने एकच प्रश्न विचारला, "मावशी, लावलंय कुठे?"

लावलं होतं कठड्यावर, पाण्याच्या काळ्या टाकीला खेटून, तापलेल्या कोब्यापासून वीतभर उंचीवर. तापमापक बिचारा स्वतःचं तापमान सांगत असतो. त्याने हवेचं सांगावं असं वाटत असेल तर त्याला उन्हापासून लपवायचं आणि तरी वारा लागू द्यायचा. ही अडचण एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हनसन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने सोडवली. तो खरा दीपगृहं बांधणारा माणूस. त्याने झडपांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी केली. आपल्या हवामान खात्याच्या आवारातही हीच पेटी दिसते: चार पायांवर उभी, साधारण छातीच्या उंचीला, दार उत्तरेकडे, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत जात नाही. माझ्या डबीभोवती त्याच पेटीचा प्लॅस्टिकचा अवतार आहे, पांढऱ्या थाळ्या एकावर एक, थेट इडलीपात्र. पण इडलीपात्र तव्यावर ठेवलं तर ते तरी काय करणार?

डबी परसात नेली, भिंतीपासून लांब, मातीवर रोवलेल्या खांबाला, खांद्याच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 38.4. म्हणजे वरचे जवळजवळ आठ अंश टाकीचे आणि कोब्याचे होते.

ग्रुपवर खुलासा टाकला नाही. अजूनही काही नातेवाईक वाईच्या 46 अंशांची आठवण काढतात.

काकूंना मात्र ही हलवाहलव पटली नाही. त्या वाळवणं करून विकतात. कुरडया, सांडगे, उपवासाचे पापड, मे महिन्यापर्यंत त्यांची गच्ची पांढरीशुभ्र असते. त्या म्हणाल्या, "परसातलं ऊन मला काय कामाचं? कुरडई गच्चीवर वाळते." यावर बोलायला जागा नव्हती. काकूंच्या कुरडईला 46 हेच खरं होतं. आता एक साधा शंभर-दीडशेचा तापमापक मी मुद्दाम त्या जुन्या चुकीच्या जागी बांधून ठेवलाय, खास काकूंसाठी.

अर्थात, काकूंचं माझ्यावर एक देणं होतंच. ते हवेच्या दाबाचं.

दाबाचा आकडा पहिल्या दिवसापासून मला चकवत होता. पडदा सांगायचा 928 हेक्टोपास्कल, हवामान खात्याच्या नकाशावर आमच्या भागात 1008. यंत्र बिघडलंय असं समजून मी ते परत पाठवायला निघाले होते. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जरा वर आहे. दर नऊएक मीटर चढलं की डोक्यावरची हवा एका हेक्टोपास्कलने हलकी होते. तेवढे ऐंशी परत मिळवले की 1008 येतात. नकाशावर सगळी गावं समुद्रकाठी आणून बसवलेली असतात, नाहीतर महाबळेश्वरवर कायमचं वादळ घोंगावतंय असं दिसलं असतं.

इथवर ठीक होतं. पण त्या पडद्यावर एक कोपरा भविष्याचा आहे: सूर्य, ढग, थेंबवाला ढग. चैत्रातली गोष्ट. सकाळी दहाला 1010 असलेला दाब दुपारी चारला 1006 झाला आणि कोपऱ्यात थेंबवाला ढग उगवला. दाब घसरला की पाऊस, हे शाळेत मीही घोकलेलं. संध्याकाळी काकूंना कठड्यावरून सांगितलं, "उद्या कुरडया घालू नका, पाऊस दिसतोय."

ज्यांनी घरी कुरडया केल्यात त्यांना पुढचं कळेल. तीन दिवस भिजवलेला गहू थांबत नाही. वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं. काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवून एक दिवस लांबवलं. दुसऱ्या दिवशी ढगाचा ठिपका नाही. आणि चीक आंबला. त्या काही बोलल्या नाहीत. नातीच्या हातून आंबट चिकाची एक वाटी झाकून पाठवली, बस्स.

त्या वाटीने मला वाचायला बसवलं. आपल्याकडे हवेच्या दाबाला रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. चंद्राचा याच्याशी नावापुरता संबंध, हा खेळ सूर्याचा. वरच्या थरांतला ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषून तापतात आणि सगळं वातावरणच त्या तालावर हेलकावे घेतं. विषुववृत्ताच्या जवळ हा हेलकावा तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. युरोपातही तो आहे, पण फार लहान, आणि तिथे येणारीजाणारी वादळं दाब वीस-तीसने हलवतात, त्यात तो बुडून जातो. माझ्या पडद्यातला भविष्यवाला तशाच कुठल्यातरी थंड मुलखात शिकलेला. त्याला आमची रोजची दुपार म्हणजे वादळाची चाहूल वाटते. त्या कोपऱ्यावर आता मी टिकली चिकटवली आहे.

दाब मात्र बघते. पण आज चारचा कालच्या चारशी, आजचा दहाचा कालच्या दहाशी. तशी तुलना केली की खरा उतार दिसतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र आपल्या बाजूला सरकायला लागलं की चारचा आकडा रोज एक-दीडने उतरत जातो. एरवी दिवसभर रेष नागमोडी, पण रोजची नागमोड सारखीच.

काकूंचं देणं फिटलं ते दवबिंदूने. हा रकाना पहिलं वर्षभर मी वाचलाच नव्हता. मी बघायचे आर्द्रता. सकाळी 90 टक्के, दुपारी 50 टक्के, मग मी समजायचे की दुपारी हवा सुकली. मुळीच नाही. 22 अंशांना 90 टक्के आणि 32 अंशांना 50 टक्के यांत वाफ तेवढीच असते. भांडं मोठं झालं म्हणून तेवढंच दूध निम्म्यावर दिसतं, तसं. हवेत मुळात वाफ किती हे सांगतो दवबिंदू: हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर दव धरेल. वरच्या दोन्ही वेळी तो वीसच्या जरासा वर, सकाळ-दुपार जागचा हलत नाही. तो हलला तर समजायचं की हवाच बदलली, दुसरीकडची आली.

मार्चअखेर 37 अंश आणि 15 टक्के असताना दवबिंदू सहा असतो. असल्या दिवशी कुरडई दोन उन्हांत खडखडते. मेच्या मध्यावर तापमान तेच, ऊनही तेच, पण दवबिंदू अठरावर गेलेला असतो आणि पापड वरून वाळलेला, आतून लवचीक राहतो. काकू हे पूर्वीपासून बोटाने ओळखत होत्या. कडा मोडून बघायच्या. मी आकडा सांगायला लागले तेव्हा त्यांनी पंधरा दिवस माझी परीक्षा घेतली, स्वतःचं बोट आणि माझा आकडा शेजारी ठेवून. मग एके दिवशी कठड्यावरून हाक आली, "दव किती गं आज?" दवबिंदू म्हणत नाहीत, दव म्हणतात. दहाच्या आत असेल तर गहू भिजत घालतात. पंधराच्या वर गेलं की मला नाही, उन्हाळ्याला शिव्या घालतात.

वळवाच्या दिवशी त्यांचं नाक माझ्या यंत्राच्या पुढे धावतं, हे इथेच कबूल करते. गेल्या मेमधली एक दुपार नोंदीत आहे. साडेतीनला 37 अंश. तीन पन्नासला 24. वीस मिनिटांत तेरा अंश. आर्द्रतेची रेष भिंतीसारखी सरळ वर, आणि दाबाची ओहोटीची वेळ असून तो दोनने वर उडालेला, कारण पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली आपटून चहूकडे पसरते. हा पदर पावसाच्या आधी येतो. मी खुशीत पडद्यासमोर उभी राहून रेषा बघत होते. काकूंनी तोवर पाच चादरी वाळवणासकट गोळा करून जिन्यात नेल्या होत्या. "तुम्हाला कसं कळलं?" "वास आला की." त्याच गार हवेबरोबर पलीकडच्या शिवारातल्या भिजल्या मातीचा वास येतो. त्याचा रकाना पडद्यावर नाही. नंतर वीज गेली, राऊटर बंद पडला आणि फोनवरच्या आलेखात ऐन पावसाच्या जागी भोक. हे दरवर्षी होतं.

पण माझा जीव अडकलाय तो पावसातच.

माकडाच्या प्रकारानंतर मी त्या डब्याची तपासणी घेतली. नरसाळ्याचं तोंड 16 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ झालं सुमारे 200 चौरस सेंटिमीटर. त्यात 200 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, बाटलीत मोजून 200 मिलिलिटर पाणी भरलं आणि थेंबथेंब सोडत तासभर गच्चीवर बसून राहिले. पन्नास टकटक व्हायला हव्या होत्या. झाल्या सेहेचाळीस. शंभर मिलिमीटर पाऊस झाला असता तर माझं यंत्र ब्याण्णवच सांगून मोकळं झालं असतं. कप्प्यांच्या खाली दोन स्क्रू असतात, ते अर्धा-अर्धा फेरा वर घेतले की पट्टी कमी पाण्यात कलते. दोन रविवार गेले, पण एकोणपन्नास-पन्नासवर आणली. शिवाय मुसळधार कोसळत असताना पट्टी कलता कलता पडणारं पाणी मोजणीतून निसटतं, गच्चीवरचा वारा थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो, आणि जुलैत एकदा कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी घर बांधल्यामुळे धो धो पावसात रकाना 0.0 सांगत बसला होता. म्हणून शेजारी एक साधा, सरळ काचेचा पर्जन्यमापकही ठेवलाय. दोघांचं जमत नसेल त्या दिवशी मी काचेचं ऐकते.

वर्तमानपत्रातल्या आकड्याशी माझं कितीतरी दिवस जमत नव्हतं, त्याचं कारण वेगळंच निघालं. माझ्या यंत्राचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे पाचला कोसळलेला पाऊस माझ्याकडे आजचा, त्यांच्याकडे साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांतला. तेव्हापासून मी साडेआठला वही उघडते. त्यांचा आणखी एक नियम मला आवडतो: चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पडल्याशिवाय तो पावसाचा दिवस धरत नाहीत. काकूंच्या हिशेबाने चादर ओली झाली की पावसाचा दिवस.

पाऊस मोजायची आपली खोड जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो ते दिलंय. अवंतीला तेवीस द्रोण. अपरांताची, म्हणजे आपल्या कोकणाची पाळी आली तेव्हा मोजणाऱ्याने हात टेकले आणि लिहिलं, 'अमित'. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला पाचगणीचं पठार दिसतं. जुलैत त्याच्यावर ढग असे बसलेले असतात की वाटतं अमित तिथून सुरू होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पसरणीचा घाट उतरून वाईत यावं तर त्याचा सहावा-सातवा हिस्सा. डोंगर चढताना ढग रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला त्यांची गार झुळूक येते. रस्त्याने तासाभराचं अंतर.

तासाभराच्या अंतराचं मला फार नवल वाटायला नको. 26 जुलै 2005 ला मी फोर्टमधल्या ऑफिसात होते. खिडकीबाहेर नेहमीचा जुलैचा पाऊस. संध्याकाळी लोकल बंद असल्याचं कळलं तेव्हा आम्ही रेल्वेच्या नावाने बोटं मोडत चहा मागवला. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला होता. कुलाब्याला 73. वीस-पंचवीस किलोमीटरवर माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी होती आणि मी खिडकीतून बघून 'एवढं काय पडलाय' म्हणत होते. ते वाक्य मी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

ते आठवलं मामामुळे. परवाच्या ऑक्टोबरात काढणीला आलेल्या सोयाबीनवर एका रात्रीत पाऊस कोसळला. माझ्या वहीत सकाळी साडेआठला 71. नऊला मामा दारात. "तुझ्या मशिनीत काय म्हणतंय?" सांगितलं. मामाचा चेहरा उजळला. सरकारदरबारी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर, आणि त्यांच्या मंडळात नोंद झाली होती 52. "मग काढून दे की कागद. तलाठ्याला दाखवतो."

मी समजवायला गेले. खासगी यंत्राचा आकडा कुणी धरत नाही. आणि मुख्य म्हणजे माझं यंत्र तुमच्या रानापासून सहा किलोमीटर लांब आहे, इथे 71 पडला म्हणजे तिथे पडलाच असं नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आन् सरकारचं यंत्र माझ्या वावरापासून अकरा किलोमीटर हाय. ते कसं चालतं?"

मी चहा टाकला.

त्याच्याकडे पुरावा होता तो घमेल्याचा. रात्री अंगणात राहिलेलं घमेलं चार बोटं भरलं होतं. पण घमेल्याचं तोंड मोठं, बूड लहान, त्यामुळे पाणी पडल्यापेक्षा खोल दिसतं. हे त्याला सांगायचं मी टाळलं. दिवाळीला एक सरळ काचेचा पर्जन्यमापक नेऊन दिला आणि झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर रोवून दिला. त्याने कुणाचं काही ऐकून घेतलं जाईल असं नाही. पण पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, ते पंच्याहत्तर कुणाच्या शिवारातले, हे तरी त्याला कळेल. मामा रोज साडेआठला बघतो आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहितो. मी वहीत मिलिमीटर लिहिते, तो नक्षत्राचं नाव घालून. मृग, मग कंस करून आकडे. आर्द्रा लागली की नवी ओळ.

आज मृगाचा नववा दिवस. दवबिंदू 22, दाब कालच्या याच वेळेपेक्षा दोनने खाली, पाचगणी सकाळपासून दिसत नाही. काकूंनी शेवटचा डबा भरून झाकण लावलं. साडेआठला मामाचा फोन आला, "सदतीस. तुझ्याकडं?"

माझ्याकडे 0.0. विश्वास बसेना. शिडी लावून वर गेले, नरसाळं काढलं, नळीत डोकावले, पट्टी बोटाने कलवून पाहिली. टक वाजली. कुंभारणीचं घर नव्हतं, पान नव्हतं, शेवाळ नव्हतं. काचेचा पर्जन्यमापकही कोरडा.

खाली येऊन वहीत 0.0 लिहिलं. मग आठवलं, मघाची ती एक टक. 0.2 खोडून टाकावे लागणार.